लॉडरच्या शेतातला दाणा



गेल्या महिन्यात आपल्या मंडळीत उपकारस्तुतीची उपासना झाली. वेदीपुढे काय काय आले होते, ते आपण सर्वांनी पाहिले. एका मावशींनी जळगावहून रात्रीच्या गाडीने केळीचा घड आणला होता. धुळ्याच्या एका कुटुंबाने ज्वारीचे चुंगडे आणले. बाकीच्यांनी बाजारातूनच भाजी, नारळ, तांदूळ घेतले. उपासनेनंतर लिलाव चालू असताना संडे स्कूलमधल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "काका, आपलं तर शेतच नाही. मग आपण पिकाचे आभार का मानतो?"

आम्ही हसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. कारण तो खराच आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणारी आपली बहुतेक माणसे शेतकऱ्यांचीच मुले. कुणाचे आजोबा यावलला कापूस लावत, कुणाचे शहाद्याला, कुणाचे जालन्याकडे कोरडवाहू जमिनीत बाजरी पेरत. पाऊस रुसला, वाटण्या झाल्या, कर्ज वाढले आणि आपण तापीच्या पाण्यासारखे खाली वाहत सुरतेला आलो. ती नदीही आपल्याच मुलखातून येते. भुसावळ, प्रकाशा करत ती इथे समुद्राला मिळते. आपण लूमवर उभे राहिलो, हिऱ्याच्या घंटीवर बसलो, कुणी दवाखान्यात नर्स झाले, कुणी शाळेत शिक्षक. शेत मागे राहिले. मग आपण पेरतो काय आणि कापतो काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एक माणूस आठवला. तोही शेतकऱ्याचाच मुलगा. गाव सोडून, समुद्र ओलांडून आपल्या देशात आला. मुंबईत स्थायिक झाला, सुरतेतही येऊन गेला आणि शेवटी याच भूमीत देह ठेवला. त्याचे नाव डॉ. जॉन विल्सन. मुंबईच्या चौपाटीवरचे विल्सन कॉलेज बहुतेकांनी पाहिले आहे. पण त्या नावामागचे घर, ती बायको, ती मुले आपल्याला फारशी ठाऊक नाहीत. आज त्या घराविषयी लिहू.

गाव आणि घर

स्कॉटलंडच्या दक्षिणेला, एडिंबरोपासून एका दिवसाच्या वाटेवर लॉडर नावाचे छोटे गाव आहे. भोवती लॅमरम्यूरच्या बोडक्या टेकड्या, खाली लीडर नावाची लहानशी नदी. थंडी फार. जमिनीत ओट आणि जव पिकायचे आणि टेकड्यांवर मेंढरे चरायची. गावाचे स्वतःचे मोठे सामाईक कुरण आहे. घोड्यांवर बसून त्या कुरणाच्या शिवेची फेरी काढायची जुनी प्रथा तिथे आजही पाळली जाते. शीव कुठपर्यंत आहे ते पोरासोरांनाही ठाऊक राहावे, हा तिचा मूळ हेतू. आपल्याकडे बांधावरून किती भांडणे होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या प्रथेतले शहाणपण लगेच कळेल.

या गावात ११ डिसेंबर १८०४ रोजी जॉनचा जन्म झाला. वडील अँड्रू विल्सन शेतकरी होते आणि कित्येक वर्षे गावच्या नगरसभेचे सभासद होते. आई जॅनेट हंटर, तीही शेतकऱ्याचीच लेक. जॉन हा थोरला, त्याच्या पाठीवर भावंडे. अशा घरात थोरल्या मुलाचे आयुष्य जणू आधीच ठरलेले असते. बापाचा हात थकला की नांगर त्याने धरायचा. पण हा मुलगा अभ्यासाचा. शाळूसोबती त्याला थट्टेने "पाद्री" म्हणत. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो एडिंबरोच्या विद्यापीठात गेला. आपल्या सूरतकर मुलांना हे वय लहान वाटेल, पण त्या काळी स्कॉटलंडमध्ये शेतकऱ्यांची हुशार मुले अशीच जात. घरून ओटाच्या पिठाची पिशवी न्यायची, शिकवण्या करून फी भरायची. जॉननेही एका पाळकाच्या घरी मुलांना शिकवण्याचे काम केले.

विद्यापीठात असतानाच, १८२५ मध्ये, त्याने सोबत्यांबरोबर विद्यार्थ्यांचा एक मिशनरी संघ काढला. १८२८ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीने त्याला मुंबईसाठी नेमले. त्याच वर्षी मार्गारेट बेन यांच्याशी त्याचे लग्न झाले. मार्गारेट ग्रीनॉकच्या एका पाळकाची मुलगी. नवऱ्यापेक्षा वयाने मोठी, चांगली शिकलेली आणि लिहिण्यावाचण्याची आवड असलेली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत दोघे जहाजात बसले. सुवेझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई गाठायला सुमारे पाच महिने लागले. १८२९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले.

थोरला मुलगा एवढ्या लांब निघाला तेव्हा लॉडरच्या त्या घरात काय झाले असेल? मुंबईहून पत्र जायला महिने लागत. ते पोहोचेपर्यंत लिहिणारा जिवंत आहे की नाही, याचीही खात्री नसे. १८२३ मध्ये कोकणात बाणकोटला आलेले पहिले स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले होते, ही बातमी स्कॉटलंडला ठाऊक होती. तरीही घराने मुलाला जाऊ दिले. आपल्यापैकी ज्यांनी गावाकडे म्हातारे आईवडील सोडून सुरतेची गाडी धरली, त्यांना त्या निरोपाचे वजन सांगायला नको.

आधी भाषा, मग बोलणे

विल्सनसाहेबांनी मुंबईत उतरल्या उतरल्या भाषणे झोडली नाहीत. नवराबायको कोकणात हर्णै आणि बाणकोटला गेली. तिथे आधीच्या मिशनरींजवळ राहून मराठी शिकली. वर्ष संपण्याआधी विल्सनसाहेब मराठीत उपदेश करू लागले. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, संस्कृत, फारसी आणि पारशी धर्मग्रंथांची भाषा असा त्यांचा अभ्यास वाढतच गेला.

यात आम्हाला शेतकऱ्याची रीत दिसते. नवी जमीन हाती आली की शहाणा शेतकरी पहिल्याच दिवशी बी टाकत नाही. माती मुठीत घेऊन पाहतो, पाणी कुठून वाहते ते बघतो, शेजाऱ्याला विचारतो. आपल्यातले किती जण वीस वर्षे सुरतेत राहूनही शेजारच्या गुजराती आजीशी दोन वाक्ये नीट बोलू शकत नाहीत, हे आम्ही स्वतःलाही विचारले. शेजाऱ्यावर प्रीती करायची, तर आधी त्याचे बोलणे कळायला हवे.

१८३० मध्ये त्यांनी एक मासिक सुरू केले, १८३१ मध्ये मुंबईत लहानशी देशी मंडळी स्थापन केली आणि १८३२ मध्ये एक शाळा उघडली. तीच पुढे विल्सन कॉलेज झाली.

मार्गारेटबाई मागे राहिल्या नाहीत. मराठी शिकून त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालू केल्या. तो काळ लक्षात घ्या. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये शाळा काढली, त्याच्या दीडदोन दशके आधीची ही गोष्ट. मुलगी शिकली तर विधवा होते, असे लोक उघड म्हणत. मुली गोळा करायला घरोघर जावे लागे. आज दहा आल्या, तर सण आला की उद्या तीनच. त्या शाळांमधूनच वाढलेली गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आजही मुली शिकवते आहे. मुंबईत अमेरिकन मिशनने याआधीच मुलींची शाळा काढली होती, म्हणून पहिलेपणाचा मान मार्गारेटबाईंना देण्याची गरज नाही. मान चिकाटीचा आहे.

हे धागे पुढे कुठे कुठे गेले ते पाहा. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकले. आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचे आद्य लेखक बाबा पदमनजी, 'यमुनापर्यटन' लिहिणारे, मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्याच शाळेचे विद्यार्थी. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, बाबा झाले. पेरणाऱ्याला उगवण कशी होईल ते आधी कळत नाही.

सुरतेची वाट

आता आपल्या सुरतेकडे येऊ. मराठी माणसाला सुरत म्हटले की शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. पहिल्या स्वारीच्या वेळी इथे फादर अँब्रोज नावाचे कापुचिन धर्मगुरू होते. महाराजांनी त्यांच्या मठाला धक्का लावू दिला नाही, असे बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. या शहरात मराठी आणि ख्रिस्ती ही दोन नावे पहिल्यांदा एकत्र आली, ती अभयदानाच्या या गोष्टीत. हे विसरू नये असे आम्हाला वाटते.

एकेकाळी हजला जाणाऱ्या यात्रेकरूंचे हे बंदर, मोगलांचे वैभव. १६१३ पासून इंग्रजांची वखार इथे होती. पण विल्सनसाहेबांच्या काळापर्यंत तापीचे मुख गाळाने भरत आले होते आणि व्यापार मुंबईला गेला होता. १८२२ मध्ये मोठा पूर आला. पुढे १८३७ मध्ये तर आधी आग आणि मग पूर अशा दोन आपत्ती एकाच वर्षी आल्या. अशा उतरत्या शहरात लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायव्ही १८१५ मध्ये येऊन राहिले होते. त्यांनी गुजराती शिकून पवित्र शास्त्राचे भाषांतर केले आणि ते सुरतेतच छापले. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला आधी नवा करार आणि मग जुना करार बाहेर पडला. स्किनर १८२१ मध्ये वारले, जुना करार पूर्ण झालेला पाहायला ते उरले नाहीत. आज आपले गुजराती बंधू जे शास्त्र वाचतात त्यात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण पहिली नांगरट या शहरात झाली.

१८३४ सरता सरता आणि १८३५ च्या सुरुवातीला विल्सनसाहेब गुजरात, काठेवाड आणि कच्छच्या मोठ्या दौऱ्यावर निघाले. रेल्वे नव्हती. होडी, घोडा, बैलगाडी आणि पाय, एवढीच वाहने. या दौऱ्यात ते सुरतेला आले. पुढे भावनगर, पालीताणा, गिरनार असे फिरले. जिथे जातील तिथे जैन साधूंशी, मौलवींशी, पारशी दस्तुरांशी बोलायचे, पोथ्या विकत घ्यायच्या, पत्रके वाटायची.

गिरनारच्या पायथ्याशी त्यांनी एक प्रचंड शिळा पाहिली. तिच्यावर कुणालाच वाचता न येणारी अक्षरे कोरलेली होती. त्यांचे महत्त्व त्यांनी ओळखले. पुढे कॅप्टन लँग यांच्याकडून त्या लेखांचे ठसे करवून घेतले आणि ते कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पाठवले. प्रिन्सेपने ते वाचले, तेव्हा तो सम्राट अशोकाचा लेख निघाला. त्याच शिळेवर अशोकाने असेही कोरून ठेवले आहे की, दुसऱ्याच्या पंथाचाही मान राखावा, कारण त्यातच आपल्या पंथाची वाढ आहे.

इथे आम्हाला एक गोष्ट प्रांजळपणे लिहिली पाहिजे. विल्सनसाहेब प्रेमळ होते, विद्वान होते, पण वादविवादात त्यांची लेखणी कठोर होती. १८३१ च्या सुमारास मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. त्यावर दोघांनीही पुस्तके लिहिली. विल्सनसाहेबांच्या पुस्तकाच्या नावातच हिंदू धर्म 'उघडा पाडण्याची' भाषा आहे. ते वाचून शेजाऱ्याचे मन दुखावले असेल, यात शंका नाही. ज्या शिळेपुढे ते उभे राहिले तिचा अर्थ त्या दिवशी त्यांना वाचता येत नव्हता. आज आपल्याला येतो. प्रभू येशूची साक्ष देताना शेजाऱ्याचा मान राखणे, हे आपण त्यांच्या चुकीतूनही शिकू शकतो.

मागे राहिलेले घर

आणि आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

विल्सनसाहेब गुजरातेत फिरत होते तेव्हा मार्गारेटबाई मुंबईत होत्या. घर, लहान मुले, मुलींच्या शाळा, मासिकाचे लिखाण, येणारे-जाणारे, सगळे त्यांच्यावर. मुंबईची हवा, उकाडा आणि सहा वर्षांचे न थांबणारे काम. प्रकृती खालावत गेली. साहेब दौऱ्याहून परतले आणि काही आठवड्यांतच, १९ एप्रिल १८३५ रोजी, मार्गारेटबाई प्रभूकडे गेल्या. वय चाळिशीच्या आसपास. थोरला मुलगा अँड्रू चार वर्षांचा.

विल्सनसाहेबांनी नंतर पत्नीच्या आठवणींचे एक पुस्तक लिहिले. तिची पत्रे, तिची टिपणे, तिच्या शाळा, सारे त्यात जपून ठेवले. त्या काळात एखाद्या विद्वान पुरुषाने बायकोच्या कामावर आख्खे पुस्तक लिहावे, ही लहान गोष्ट नाही. तिचे मोल त्यांना पुरते कळले होते. पण ते पुस्तक तिने वाचले नाही.

हे लिहिताना आमचा हात जरा थबकला, कारण हे आमच्याही घरचे आहे. आम्ही मंडळीचे स्वयंसेवक. रविवारी उपासना, बुधवारी प्रार्थनासभा, शनिवारी तरुण संघ, मध्येच कुणाचे आजारपण, कुणाचा दफनविधी. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाच्या पत्नीला बरेच दिवस ताप येत होता. नवरा रोज संध्याकाळी आजाऱ्यांना भेटायला जायचा. एका रात्री ती एवढेच म्हणाली, "मंडळीत सगळ्यांना विचारता ना, बरं आहे का म्हणून? कधी घरी पण विचारा." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. त्या दिवसापासून आमच्या गटात एक नियम आहे. आजाऱ्यांच्या यादीत पहिले नाव आपल्या घरचे.

विल्सनसाहेबांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ते घरी राहिले असते तर मार्गारेटबाई वाचल्या असत्या, असे कुणी म्हणू शकत नाही. त्या काळी मुंबईत साथीचा ताप घरी बसलेल्यालाही गाठत असे. आणि मार्गारेटबाई नवऱ्यामागे फरफटत आलेल्या नव्हत्या. हे पाचारण त्यांचेही होते आणि शाळा त्यांच्या स्वतःच्या होत्या. तरी प्रेषित पौलाने तीमथ्याला दिलेली ताकीद आठवते. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने विश्वासच नाकारल्यासारखे आहे, असा तिचा आशय (१ तीमथ्य ५:८). सेवा आणि घर ही दोन शेते नाहीत. बांध घालून वेगळी करता येत नाहीत.

मार्गारेटबाईंच्या पश्चात त्यांच्या दोघी बहिणी, अ‍ॅना आणि हे, स्कॉटलंडहून निघून मुंबईला आल्या आणि बहिणीच्या शाळा त्यांनी हाती घेतल्या. बहीण ज्या हवेत गेली त्याच हवेत जाणूनबुजून येऊन राहायचे, याला काय म्हणावे? नांगर शेतात अर्ध्यावर उभा राहिला की शेजारी येऊन तास पुरे करून देतो, तसे त्यांनी केले.

आणि तो लहानगा अँड्रू? तो एडिंबरो आणि जर्मनीत शिकला. वडिलांची वाट त्याने धरली नाही. वर्तमानपत्रांचा संपादक झाला, मुंबईतही आणि चीनमध्येही. प्रकृती नाजूक असतानाही हिमालयाच्या उंच खिंडी ओलांडून तिबेटच्या सीमेपासून काश्मीरपर्यंत गेला. त्या प्रवासावर त्याने लिहिलेले पुस्तक १८७५ मध्ये निघाले. हिंडण्याची ओढ बापाची, लिहिण्याची आवड दोघांची, पण मार्ग स्वतःचा. आपल्या मंडळीत कितीतरी आईवडील याच दुःखात आहेत की, मुलगा उपासनेला येत नाही, वेगळेच काही करतो. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, प्रार्थना सोडू नका आणि त्याच्यासाठी दार लावू नका.

दुसऱ्यांच्या घरांतला कलह

एक दुःख विल्सनसाहेबांच्या घरचे, तर दुसरे त्यांच्यामुळे इतरांच्या घरांत गेले. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात खळबळ उडाली, प्रकरण कोर्टात गेले, शाळा एकदम ओस पडली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. विल्सनसाहेब तेव्हा भारतात नव्हते. चौदा वर्षांनी मायदेशी निघाले होते. नारायणाचा लहान भाऊ श्रीपतही मिशनकडे आला, तेव्हा कोर्टाने त्या अल्पवयीन मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला परत जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद पेटला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी घ्यावे या बाजूने आपले वजन टाकले.

हे वाचताना आपण फक्त बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या धैर्याचे कौतुक करतो. ते करावेच. पण त्या आया, ते बाप, दारात उभे राहून मुलाची वाट पाहणारे, त्यांचे अश्रूही देवाने मोजले असतील. आणि या धक्क्यातून इतरत्रही काही उगवले. याच सुरतेत १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींनी मानवधर्म सभा काढली. तिच्यात आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, ते तेव्हा सुरतेत शिक्षणखात्यात होते. मिशनरींच्या टीकेला उत्तर द्यायचे, तर आधी आपले घर झाडले पाहिजे, जातिभेद आणि अंधश्रद्धा सोडल्या पाहिजेत, असे या मंडळींना वाटले. त्याही सुधारणेत देवाचा हात नव्हता, असे आम्ही कसे म्हणावे?

दाणा मातीतच राहिला

विल्सनसाहेब सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ या देशाचे होऊन राहिले. १८४१ मध्ये आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पहिले दोन मिशनरी, ग्लासगो आणि कर, आले. काठेवाडात काम सुरू करा, हा सल्ला विल्सनसाहेबांचाच. ते स्वतः त्यांना राजकोटपर्यंत पोहोचवायला गेले. तिथे तापाने सगळ्यांनाच गाठले. कर त्याच वर्षी वारले, विल्सनसाहेब मरता मरता वाचले. त्याच आयरिश मिशनने पुढे १८४० च्या दशकात सुरतेचे कामही लंडन मिशनकडून हाती घेतले. सुरतेतली मिशन शाळा आणि जुनी मंडळी त्यांनी वाढवली. १९७० मध्ये ही मंडळी उत्तर भारताच्या चर्चमध्ये सामील झाली. म्हणजे आपण सुरतेत ज्या झाडाच्या सावलीत बसतो, त्याच्या मुळाशी लॉडरच्या त्या शेतकऱ्याच्या मुलाचाही ओंजळभर पाण्याचा वाटा आहे.

डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर मुंबईत आलेला चुमा नावाचा आफ्रिकन मुलगा विल्सनसाहेबांच्या शाळेत शिकला आणि १८६५ मध्ये तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून सुटलेला हा मुलगा. आठ वर्षांनी लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्याला आणणाऱ्यांत चुमा पुढे होता.

आणि शेतीचे काय झाले? ते आम्ही शेवटी राखून ठेवले आहे. तो ब्राह्मण तरुण, नारायण शेषाद्री, पुढे पाळक झाला आणि जालन्याला गेला. निजाम सरकारचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्याने जमीन मिळवली आणि तिथे एक गाव वसवले. नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, अशा मांग आणि महार कुटुंबांना तिथे स्वतःची विहीर, स्वतःचे शेत, शाळा आणि देऊळ मिळाले. लॉडरचा थोरला मुलगा नांगर सोडून आला होता. त्याच्या मिशनच्या शाळेत शिकलेल्याने मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत नांगर पुन्हा चालू केला.

१ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईत मलबार टेकडीवरच्या घरी विल्सनसाहेबांनी प्राण सोडला. लॉडरची शेती त्यांना मिळाली नाही, इथे त्यांनी जमीनजुमला केला नाही. कॉलेजला त्यांचे नाव पडले, चौपाटीची इमारत तर १८८९ ची, त्यांच्या मागून झालेली.

दाणा मातीत हरवला नाही तर तो एकटाच राहतो, आणि हरवला तर पुष्कळ होतो, हे प्रभू येशूने आपल्या मरणाविषयी सांगितले (योहान १२:२४). एक पेरतो आणि दुसराच कापतो, हेही त्यानेच शोमरोनातल्या विहिरीजवळ सांगितले (योहान ४:३७). आम्ही ही वचने पुष्कळदा वाचली होती. पण मार्गारेटबाईंचे मरण, अँड्रूचे पोरकेपण, शेषाद्रींच्या घरातली ताटातूट आणि बेथेलची विहीर एकापुढे एक ठेवली, तेव्हा दाणा मरतो म्हणजे काय ते थोडेसे उमगले.

म्हणून त्या मुलाला आता आमचे उत्तर असे आहे. बाळा, आपले शेत नाही हे खरे. पण तुझ्या आजोबांनी गाव सोडले तेव्हा बियाणे बरोबर आणले होते. तुझी आई रात्रपाळी करून तुला शाळेत पाठवते, ती पेरणी आहे. शेजारच्या काकींना तू जिना चढताना पिशवी धरून देतोस, तीही पेरणीच. कापणी कोण करील, ते आपल्याला ठाऊक नाही. आभार मात्र आपण आजच मानायचे, कारण आपण जे खातो, ते कुणीतरी आधी पेरलेले आहे.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. गावाकडे असलेल्या एका वडीलधाऱ्याला फोन करा. घरातल्या ज्या माणसाची विचारपूस करायची राहून गेली आहे, त्याच्याजवळ बसा. आणि ज्याची भाषा किंवा धर्म वेगळा आहे, अशा एका शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोला.

प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय देवबापा, तू पेरणाऱ्यालाही ओळखतोस आणि कापणाऱ्यालाही. ज्यांनी दूरच्या देशातून येऊन या भूमीत आपले आयुष्य टाकले, त्यांच्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो. त्यांच्या चुका आम्हाला नम्र करोत आणि त्यांची चिकाटी आम्हाला उभे करो. तुझ्या नावाने धावपळ करताना आमच्या घरातली हाक आमच्या कानी पडू दे. गावाकडच्या कोरड्या शिवारांवर पाऊस दे, आणि या शहरात आमच्या हातून पेरलेले वाया जाऊ देऊ नकोस. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.